पवनचक्की लावावी की नाही

पवनचक्कीची गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदा निघाली तेव्हा लाइट गेलेली होती आणि मी कंदिलाची काच पुसत बसले होते. हे ऑफिसातून आले, सायकल भिंतीला टेकवली आणि बूट न काढताच म्हणाले, "आपण छतावर चक्की लावली तर?"

आमच्याकडे चक्की म्हणजे पीठ दळायची. मी म्हटलं, "छतावर कोण येईल दळायले?"

हे हसले नाहीत. खाटेवर बसून म्हणाले, "पिठाची नाही. वाऱ्याची. वाऱ्यावर फिरते आणि लाइट तयार करते."

माझे पती रेल्वेत सिग्नल खात्यात होते. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा मुलगी माझ्या कडेवर होती, आणि ही गोष्ट घडली तेव्हा ती दहावीला बसायची होती. इतकी वर्षं रेल्वे क्वार्टरमध्ये काढल्यावर आम्ही चौमूं गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका नव्या कॉलनीत घर बांधलं होतं. ऑफिसातले दोघेतिघे तिथं प्लॉट घेत होते, म्हणून आम्हीही घेतला. घर कायमचं की तात्पुरतं, हे आम्ही कधी बोललो नाही. वर्ध्याहून दीर विचारायचे, "परत केव्हा येता?" हे सांगायचे, "रिटायर झालो की." मी मान हलवायची. मग भिंतींना चुना लावायची वेळ आली की आम्ही चांगला, टिकाऊ चुना निवडायचो.

कॉलनीला तेव्हा वीज होती म्हणावं तर होती, नव्हती म्हणावं तर नव्हती. आमची लाइन शेजारच्या गावाच्या लाइनवरून ओढलेली. संध्याकाळी शेतांवरचे पंप सुरू झाले की आमचा बल्ब आधी पिवळा, मग लाल व्हायचा. शेवटी आतली तार तेवढी दिसायची. मुलगी त्या तारेकडे बघत म्हणायची, "आई, मतलब आता पढ़ना है की नाही?" तिचं मराठी असंच होतं. अर्धं वाक्य माझं, अर्धं तिच्या शाळेचं.

ह्यांनी ती चक्की एका सरकारी प्रदर्शनात पाहिली होती. रात्री जेवताना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. लांब पात्यांचं एक चाक, त्याच्या मागे सायकलच्या डायनामोसारखं पण मोठं यंत्र, आणि खाली ट्रकमध्ये असते तशी बॅटरी. वारा आला की बॅटरी भरायची. लाइट गेली की त्या बॅटरीवर दोन दिवे लावायचे.

"तिथं फिरत होती?" मी विचारलं.

"मस्त फिरत होती."

"पण मंडपात वारा कुठून आला?"

हे ताटाकडे बघत म्हणाले, "समोर पंखा लावला होता."

"कसला पंखा?"

"टेबल फॅन."

मी आणि मुलीनं एकमेकींकडे पाहिलं. म्हणजे लाइटवर पंखा, पंख्याच्या वाऱ्यावर चक्की, आणि चक्कीवर पुन्हा लाइट. मुलगी फिसकन हसली. हेही हसले, पण त्यांच्या डोक्यातून ती गेली नाही. माणूस मुळात कशाचा हट्ट धरणारा नव्हता. लग्नानंतर त्यांनी स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. ताटात जे पडेल ते खायचं, साहेब पाठवेल तिथं जायचं. म्हणून मी हसणं आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, "तू दिवसभर घरी असतेस. सांग, इथं वारा किती असतो?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काहीच सांगता येईना. इतकी वर्षं ह्या गावात राहत होते. उन्हाळ्यात दारं लावून घ्यायची, कारण लू, ती भाजणारी झळ, आत येते. धुळीची आंधी आली की कणकेतसुद्धा वाळू लागते. हे सगळं माहीत होतं. पण वारा *किती*? रोज असतो की अधूनमधून? थंडीत असतो का? मी त्या दिवसापासून बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर जास्तच गोंधळ झाला. फाटकाजवळच्या कडुलिंबाची पानं हलायची, तेव्हा दोरीवरचे कपडे हलत नव्हते. कपडे फडफडायचे, तेव्हा माझ्या तोंडाला काही लागत नव्हतं. एकदा तर अंगणात धुराळा उठला आणि छतावर गेले तर सगळं शांत.

ह्यांनी छतावर एक उंच बांबू उभा केला आणि त्याच्या टोकाला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. ऑफिसला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा ते वर जाऊन पट्टी बघायचे. कॉलनीत लगेच बातमी पसरली. कोणाला वाटलं आम्ही नवस केला, कोणाला वाटलं अँटेना लावतो आहोत.

गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त मास्तर राहायचे. शाळेत भूगोल शिकवायचे. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. ते एकदा पट्टीकडे बघत उभे राहिले आणि हे खाली आल्यावर म्हणाले, "जयपुर में हवा कहाँ, भाई साहब? चारों तरफ पहाड़ियाँ हैं. हवा चाहिए तो जैसलमेर जाइए."

आमच्या उजव्या हाताच्या घरात माँजी राहायच्या. वय झालेल्या विधवा बाई. मुलगे कामानिमित्त गुजरातेत, आणि ह्या एकट्या. भिंतीपलीकडून सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हवा नहीं? मेरी ओढ़नी रोज उड़ के तुम्हारे आँगन में कौन लाता है, मास्टरजी लाते हैं क्या?"

हे खरं होतं. माँजींची ओढणी आठवड्यातून दोनदा तरी मी परत करायची. पण मास्टरजीही शिकलेला माणूस. दोघांचं खरं असेल कसं? ह्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि बांबू आणखी उंच केला.

मग कंपनीचा माणूस आला. तरणा, भर उन्हात टाय बांधलेला, बोलायला गोड. तो छतावर गेला, टाचेनं दोनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "यह तो पट्टियों की छत है."

जयपूरकडे तेव्हा बहुतेक घरांना अशीच छतं असायची. दगडाच्या लांब फरशा, म्हणजेच पट्ट्या, भिंतीवरून भिंतीवर टाकायच्या आणि वर चुना-मुरूम. तो माणूस म्हणाला, दगडात बोल्ट मारले तर पट्टी तडकेल, आणि चक्की हलली की घर हलेल. हे घाबरले. आमचं घर बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री दुखावला. म्हणाला, "साब, इस छत पर हाथी खड़ा कर दो."

हे म्हणाले, "हत्ती उभा राहील, पण नाचला तर?"

"हाथी क्यों नाचेगा, साब?"

शेवटी कंपनीच्या माणसानं तोड काढली. छतावर लावायचीच नाही. अंगणात लोखंडी खांब सिमेंटमध्ये रोवायचा आणि त्याला चार बाजूंनी तारेचे ताण द्यायचे. तीन ताण आमच्या हद्दीत बसत होते. चौथा माँजींच्या अंगणात जात होता.

माँजींना विचारायला मी गेले. त्या धान्य निवडत बसल्या होत्या. ऐकून लगेच म्हणाल्या, "लगा लो बेटी, इसमें पूछना क्या." मी खुश होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच भिंतीवरून हाक मारली. "बेटी, वह चीज घूमेगी तो मोर नहीं आएँगे."

माँजींच्या छतावर पहाटे मोर यायचे. त्या त्यांना ज्वारी टाकायच्या. त्यांच्या दिवसात तेवढीच सोबत होती. मी म्हटलं, मग राहू द्या. तर त्या म्हणाल्या, "नहीं नहीं, लगाओ. मोर का क्या है, पीछे से आ जाएँगे." संध्याकाळी पुन्हा म्हणाल्या, मुलाला विचारते. मग म्हणाल्या, मुलाला काय विचारायचं, तो इथं राहतो थोडाच. मी रोज त्यांच्याकडून वेगळं उत्तर घेऊन यायची आणि ह्यांना सांगायची. हे मला विचारायचे, "म्हणजे हो का नाही?" मी म्हणायची, "आजच्यापुरतं हो."

मुलीचं तर त्याहून वेगळं. आधी तिला फार आवड होती. शाळेत विज्ञानाच्या बाईंना सांगून आली. मग मैत्रिणींनी चिडवलं की तुमच्या घरावर हेलिकॉप्टर उतरणार. घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, प्लीज नका लावू. मी शाळेत जाणार नाही." त्या संध्याकाळी लाइट गेली. मेणबत्तीजवळ गणितं करताना तिच्या पुढच्या केसांना झळ लागली, केस करपल्याचा वास सुटला, आणि ती रडत म्हणाली, "लावा एकदाची काय लावायची ती!"

कंपनीचा माणूस म्हणाला, "चालू असलेली बघून या. मग तुम्हीच म्हणाल." बस्सी गावाच्या पुढे एका शेतकऱ्यानं वर्षापूर्वी लावली होती. एका रविवारी आम्ही तिघं सकाळच्या बसनं निघालो. मी पोळ्या आणि झुणका बांधून घेतला होता. बस्सीला उतरून बैलगाडीच्या वाटेनं चालत गेलो. सरसोंची, म्हणजे मोहरीची, कापणी होऊन गेली होती आणि शेतं उघडी पडली होती. लांबूनच खांब दिसला. ह्यांची चाल वाढली. मुलगी ओरडली, "फिर रहा है, बाबा!"

चक्की खरोखर फिरत होती. पाती दिसत नव्हती, नुसतं चकाकणारं एक गोल दिसत होतं. हे खांबाखाली जाऊन मान वर करून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रुळांवरचे सिग्नल दुरुस्त करणारा माणूस, पण यंत्राकडे असा बघत नसे.

शेतकरी मोठ्या मनाचा माणूस. पागोटं सावरत बाहेर आला, खाट टाकली, ताक मागवलं. "बहुत बढ़िया चीज है," तो म्हणाला. "बिजली गई तो गई, मुझे क्या?" मग तो ह्यांना बॅटरी दाखवायला घेऊन गेला.

त्याची बायको मला आत चुलीपाशी घेऊन गेली. घुंगट वर करून आधी बाहेर बघून घेतलं, मग माझा हात धरला. "बाई सा, मत लगाओ," ती म्हणाली.

"काहून? काय झालं?" माझ्या तोंडून मराठीच गेलं, पण तिला कळलं.

तिनं जे सांगितलं ते तिच्या बोलीत होतं, पण मला सगळं समजलं. वारा वाढला की ती चक्की रडते. बाई विव्हळते तसा आवाज येतो. आंधी दिसली की नवरा खांबावर चढतो, पाती बांधायला. तो वर आणि वर सगळं आकाश पिवळं. ती खाली खांबाला मिठी मारून उभी राहते. "म्हाने घणो डर लागै," ती म्हणाली. मला फार भीती वाटते. गेल्या आंधीत तो खाली उतरेपर्यंत तिनं ओठ चावून रक्त काढलं होतं.

मी म्हटलं, "मग काढून टाका ना."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काही अचाट बोलले. "काढूं? ना बाई सा. ई घर में उजाळो है." घरात उजेड आहे. सासूला संध्याकाळी दिसत नव्हतं, आता दिसतं. वासराला ताप आला तेव्हा दिव्याखाली रात्रभर बसता आलं. काढायची कशी?

"म्हणजे लावू का नको लावू?"

"मत लगाओ," ती पुन्हा म्हणाली, आणि माझ्या ताकात आणखी मीठ घातलं.

बाहेर आले तर मुलगी वर बघत होती. चक्की थांबली होती. एक पातं सरळ खाली, जसा लोंबकळत ठेवलेला हात. शेतकरी म्हणत होता, "अभी चलेगी. अभी हवा आएगी." आम्ही तिथंच बसून पोळ्या खाल्ल्या. आम्ही निघेपर्यंत ती हलली नाही.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीपाशी बसले. मी विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली आहे," ते म्हणाले. मग तिकिटाची घडी घालत म्हणाले, "त्याच्या हाताले पाहिलं तू? तळहात सोलून निघाले आहेत." मी त्यांना शेतकऱ्याच्या बायकोचं काही सांगितलं नाही. त्यांच्या त्या वर बघण्यातल्या आनंदावर मला विरजण घालायचं नव्हतं. आणि मला तरी कुठं कळलं होतं, ती बाई हो म्हणाली की नाही.

त्यानंतर ह्यांनी माझ्यावरच सोपवलं. एका सकाळी डबा हातात घेताना म्हणाले, "तू ठरव. घर तुझं आहे. तू म्हणशील तसं."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. माझं लग्न माझ्या वडिलांनी ठरवलं, बदल्या रेल्वेनं ठरवल्या, प्लॉट ऑफिसातल्या लोकांनी. आता पहिल्यांदा कोणी मला विचारत होतं, आणि मला ते ओझं वाटलं. भाजी चिरताना मी 'हो' ठरवायची आणि फोडणी दिल्यावर 'नको'. हातपंपावर गेलं की बायका विचारायच्या, "चक्की कब लग रही है?" मी म्हणायची, "बस, लग जाएगी." घरी येऊन वाटायचं, मी असं काहून बोलून आले?

मला चक्कीची भीती नव्हती. आवाजाचीही नव्हती. मला नको होता तो खांबाखालचा सिमेंटचा चौथरा. कंपनीच्या माणसानं अंगणात खडूनं चौकोन आखून ठेवला होता. मी झाडताना तो चौकोन ओलांडून झाडायची. अंगणात एवढं खोल खणून लोखंड रोवलं की मग आपण इथलेच झालो, असं वाटायचं. मग वर्ध्याला परत जायचं कोण बोलेल? मी आईच्या गावच्या नदीचा विचार करायची. मग वाटायचं, घर बांधतानाही पाया खणलाच होता की, तेव्हा का नाही वाटलं? आणि ह्यांना हे सांगायचं कसं? ते तर आनंदानं रोज पट्टी बघत होते, असं मला वाटत होतं.

बुद्धपौर्णिमा आली. आमच्याकडे दरवर्षी रेल्वेतली पाच-सहा मराठी कुटुंबं जमायची. खीर व्हायची, वंदना व्हायची, आणि मग पुरुष छतावर, बायका खाली. त्या वर्षी सगळेच छतावर गेले, कारण सगळ्यांना बांबू बघायचा होता. वैशाखाचा दिवस, संध्याकाळ व्हायला वेळ होता, आणि हवा इतकी थांबलेली की ती पट्टी सुकलेल्या दोडक्यासारखी लटकत होती. कोणीतरी म्हणालं, "अहो, यावर तर तुमची चक्की एक चक्कर पण मारायची नाही."

ते बोलणं संपलं नसेल, तेवढ्यात पश्चिमेचं आकाश मातकट झालं. आधी कडुलिंबावरचे पोपट एकदम उडाले. मग आंधी आली. दिसायला लागली आणि आलीच, मधे वेळ नाही. बायकांनी मुलांना ओढलं, वाट्या गडगडत गेल्या, खिरीच्या पातेल्यावर मी पदर टाकला तरी त्यात वाळू गेली. सगळे जिन्याकडे पळाले. मागे वळून पाहिलं तर हे बांबूला धरून उभे. मी ओरडले, "सोडा तो! खाली या!" त्यांनी सोडला आणि जिन्यात आले. त्याच क्षणी बांबू मधून मोडला, आणि वरचा अर्धा भाग उडून भिंतीपलीकडे माँजींच्या अंगणात गेला. आम्हाला काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

माँजी एकट्या होत्या. आम्ही दोघं त्या वाळूत तसेच पळालो. डोळे उघडवत नव्हते. त्यांचं फाटक हातानं चाचपून उघडलं. मी "माँजी, माँजी" करत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्या पडवीत भिंतीला पाठ लावून, डोक्यावर दोन्ही हात घेऊन बसल्या होत्या. बांबू त्यांच्या खाटेवर आडवा पडला होता. मघा मी छतावरून पाहिलं तेव्हा त्या त्याच खाटेवर धान्य निवडत होत्या. मातीचा माठ फुटून सगळीकडे पाणी झालं होतं.

हे त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. "माँजी, लगी तो नहीं? माफ कर दो, माँजी."

माँजींनी हात खाली घेतले. आधी मला पाहिलं, मग ह्यांना, मग खाटेवरचा बांबू. आणि म्हणाल्या, "अरे, यह तो बाँस था. इसीलिए टूटा. लोहे का लगाओ, बेटा. लोहा नहीं टूटता."

आंधी गेल्यावर आमच्या घरात सगळ्यांनी वाळूची खीर समोर घेऊन वाद घातला. ज्यांनी आधी हसून नाही म्हटलं होतं ते म्हणाले, लोखंडाची लावा. ज्यांनी हो म्हटलं होतं ते म्हणाले, आता नावच काढू नका. मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. लाइट अर्थातच गेलेली होती.

पाहुणे गेल्यावर मी अंगण झाडायला घेतलं. वाळूखाली तो खडूचा चौकोन पार पुसला गेला होता. हे पायरीवर बसले होते, दोन्ही कोपर गुडघ्यांवर. मला त्यांची दया आली. मला वाटलं, ह्या माणसानं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि तीही अशी मोडून पडली. मी झाडू ठेवला.

"लावा," मी म्हटलं. "लोखंडाची लावा. मी ठरवलं."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू हो म्हणून राहिली?"

"हो."

"मले वाटलं तू नाही म्हणशील."

"मी कायले नाही म्हणू? तुम्हाले पाहिजे ना?"

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी रोज वाट पाहून राहिलो होतो, तू केव्हा नाही म्हणतेस म्हणून."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे तुम्हाले नको?"

"पहिल्यांदा पाहिजे होती. खरंच पाहिजे होती. मग बस्सीला त्या माणसाचे हात पाहिले. वाटलं, आंधीत मी चढीन का वर? पण माझ्याच तोंडून निघालं होतं. साऱ्या ऑफिसात सांगून बसलो होतो. म्हटलं, तू नाही म्हटलं की सांगता येईल, घरून नको म्हणाले."

मला राग आला. खरंच राग आला. "मग माझ्यावर काहून टाकलं? मी इतके दिवस झोपले नाही!"

"तुले नको होती?"

"मले कसं माहीत असणार मले काय पाहिजे!" मी म्हटलं, आणि मग एकदम सगळं बोलून गेले. सिमेंटचं, चौकोनाचं, वर्ध्याचं. एकदा खांब रोवला की आपण परत जाणार नाही, ही भीती. शेतकऱ्याच्या बायकोचं सुद्धा सांगितलं.

त्यांनी मी ठेवलेला झाडू उचलून भिंतीला लावला. मग म्हणाले, "मी तर समजत होतो तुले इथंच राहायचं आहे. तू इथं झाडं लावली. म्हणून मी परत जायचं बोलत नव्हतो."

"मग तुम्हाले जायचं आहे?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "तुले?"

मीही माहीत नाही म्हणाले. हे खरं होतं. वर्ध्याला जायचं म्हटलं की माँजी आठवायच्या आणि इथं राहायचं म्हटलं की आई. आम्ही त्या पायरीवर बसून राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांच्या मनातलं ओळखतो अशी माझी समजूत होती. त्या संध्याकाळी ती गेली. पण गेली म्हणून वाईट वाटलं नाही. मुलगी आतून म्हणाली, "आई, खीर फेकूँ या गाळून लूँ?" तेव्हा आम्हा दोघांनाही हसू आलं, आणि मग थांबेना.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला तेव्हा ह्यांनी सांगितलं, "पावसाळ्यानंतर बघू." मी आत उभी राहून ऐकत होते. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, पावसाळ्यानंतर." दोघांनी मिळून पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली, आणि ती म्हणजे काही न ठरवणं होतं.

पावसाळा आला आणि हवा इतकी कोंदट झाली की धूरसुद्धा अंगणात बसून राहायचा. मास्टरजी भेटले की म्हणायचे, "देखा?" दिवाळीनंतर कंपनीचा माणूस एकदा येऊन गेला, मग आला नाही. तो पुढे कुठल्यातरी दुसऱ्या धंद्याला लागला असं कानावर आलं. वर्षभरानं आमच्या गल्लीला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर मिळाला. बल्ब लाल व्हायचा थांबला. आता लाइट गेली की पूर्ण जायची. मुलगी दहावी पास झाली, मेणबत्तीवरच.

हे रिटायर झाले तेव्हा आम्ही वर्ध्याला महिनाभर राहून पाहिलं. तिथं हे सगळ्यांना सांगायचे, "आमच्या जयपूरला असं नसतं." परत आलो तर माँजींना सांगायचे, "हमारे वर्धा में ऐसा नहीं होता." राहायचं कुठं हे आम्ही ठरवलं नाही. मुलगी इथं कॉलेजला होती, मग इथंच नोकरीला लागली, आणि आम्ही इथं राहिलो.

लाइट गेली की हे हातपंख्यानं वारा घेत म्हणायचे, "लावायला पाहिजे होती." आणि आंधी आली की दारं लावता लावता म्हणायचे, "बरं झालं, नाही लावली." उन्हाळ्यात तर दोन्ही एकाच दिवशी व्हायचं. मी दोन्ही वेळा "हो" म्हणायची, आणि दोन्ही वेळा मला ते पटलेलं असायचं.